शवासन केल्याशिवाय उठायचं नाही!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. शवासन न करता चटई गुंडाळून पळणाऱ्यांशी. आमच्या नात्यातलेही काही त्यात आहेत. त्यांनी समजून घ्यावं आणि फोन करून खुलासे देऊ नयेत.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी साडेसहा ते साडेसात योगवर्ग घेते. सात वीस झाले की चुळबूळ सुरू. "बाई, आता नुसतं झोपायचंच आहे ना, मग मी निघू?" शवासन म्हणजे जणू शाळेतला ऑफ तास! सूर्यनमस्कार मात्र एक कमी पडला तर तक्रार. रथसप्तमीला १०८ घातले की फोटो लगेच व्हॉट्सॲपवर. शवासनाचा फोटो कोण पाठवणार? पाठवला तर लोक घाबरतील.

सूर्यनमस्कारांशी माझं वैर नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांचा एवढा प्रसार केला, हे उपकारच. वैर आहे ते मोजण्याशी. २१ जून २०१५ला पहिला योगदिन झाला तेव्हा दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ माणसं मोजली आणि विक्रम नोंदवला. नोंदवा बापडे. पण त्या योगदिनाच्या ठरलेल्या क्रमातसुद्धा शवासन आहे, हे किती जणांच्या लक्षात राहिलं?

पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रं खर्ची घातली. त्यातही आसन साधायचा उपाय सांगितला तो प्रयत्न सैल सोडण्याचा. हठप्रदीपिकेत आसनं पंधराच, पण त्यात शवासनाला जागा आहे. आणि ज्यांच्या आसनांकडे बघून जग थक्क झालं त्या अय्यंगार गुरुजींनीच लिहून ठेवलंय, की हे दिसायला सोपं पण साधायला फार अवघड.

अवघड आहेच. मी उभी राहून बघते ना! सगळे आडवे, डोळे मिटलेले. पण कपाळावर आठी तशीच, दात आवळलेले, मुठी वळलेल्या. एकाचा हात तर खिशातल्या मोबाईलवर. अर्धमत्स्येंद्रासन लीलया करणाऱ्या माणसाला स्वतःचा जबडा सैल सोडता येत नाही. मग काय साधलं?

ज्यांना पुरावाच लागतो त्यांच्यासाठी सांगते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांकडून रोज शवासन करून घेतलं आणि तो अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. काहींच्या औषधांची मात्रा कमी करता आली. (गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत! ते डॉक्टर ठरवतील.)

पण माझा खरा राग वेगळाच आहे. पळणाऱ्यांत बायका जास्त. कारण विचारलं तर डबे, पाणी, नातवंडांची रिक्षा. पुरुष पळतात ते बहुधा चहाला, आणि तो चहाही पुढे पळालेल्या बाईनेच केलेला असतो! आपल्याकडे बाई दिवसा आडवी झाली की घरचे विचारतात, "बरं नाही का?" ताप असेल तर झोपा, नाहीतर उठा. धडधाकट बाईने उगीचच पाठ टेकलेली आपल्याला बघवत नाही, आणि तिची तिलाही चोरी वाटते. वर्गातल्या एक साठीच्या बाई मला म्हणाल्या, "दिवसभरात एवढी दहाच मिनिटं मला कुणी हाक मारत नाही." त्या बोलत होत्या तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. घरून होता. साखरेचा डबा सापडत नव्हता.

"घरी जाऊन करू शवासन" असंही सांगतात. कुणी करत नाही हो! सतरंजी पसरली की नातू पोटावर येऊन बसतो आणि खाली भाजीवाला ओरडतो. म्हणून वर्गातच करायचं.

तर सोमवारपासून सूर्यनमस्कार बाराऐवजी सहा, आणि सव्वासातनंतर फक्त शवासन. ज्यांना बाराच हवेत त्यांनी सव्वासहाला येऊन आधी घालावेत. फोन दाराजवळच्या टेबलावर, बंद करून. त्या बाईंना मी डब्यावर मोठ्या अक्षरांत 'साखर' लिहून चिकटवायला सांगितलं आहे.