कपाटातलं भिंग पोरांच्या हाती द्या

गावच्या प्राथमिक शाळेत एक लोखंडी कपाट असतं. भिंग, तराजू, लोहचुंबक, तापमापक अशी साधनं त्यात असतात. १९८७ साली खडू-फळा योजना आली आणि विज्ञान साहित्याची पेटी खेड्यापाड्यांतल्या शाळांपर्यंत पोहोचली. पुढेही निरनिराळ्या योजनांतून साहित्य येत राहिलं. पण पुष्कळ ठिकाणी ते कपाटातच राहिलं. तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडायचं, साहेब गेले की पुन्हा कुलूप!

याचा सगळा दोष गुरुजींच्या माथी मारून चालणार नाही. साहित्याची नोंद जडसंग्रह वहीत असते. भिंग फुटलं, तराजूचं पारडं तुटलं, तर जाब गुरुजींनाच द्यावा लागतो. साहित्य वापरलं नाही, तर मात्र कुणी विचारत नाही. मग शहाणा माणूस कुलूपच लावणार. आमचं म्हणणं असं की, हा हिशेबच उलटा करावा. ज्या शाळेतल्या भिंगावर पाच वर्षांत एक ओरखडा उठला नाही, तिथे खरी चौकशी व्हावी.

दुसरी-तिसरीच्या पोरांना त्यातलं काय कळतंय, असं म्हणणारे आहेत. शेतकऱ्याने तरी असं म्हणू नये. पुस्तक वाचून पाभर धरायला शिकलेला माणूस आम्ही अजून पाहिला नाही. हाताला सवय लागते ती लहानपणीच.

भिंगाचंच घ्या. ते डोळ्याजवळ धरायचं आणि फवारणी न केलेलं कपाशीचं पान उलटं करून हळूहळू जवळ आणायचं. नुसत्या डोळ्याला जो ठिपका वाटतो, तो मावा पाय हलवताना दिसतो. तिथेच माव्याचा फडशा पाडणारी ढालकिड्याची अळीही सापडते. शत्रू कोण आणि मित्र कोण, हे ज्या पोराने आठव्या वर्षी पाहिलं, ते मोठेपणी कीड दिसली रे दिसली की डोळे मिटून पंप भरणार नाही. एवढीच ताकीद द्यावी की, भिंगातून सूर्याकडे कधी पाहायचं नाही.

पाऊस मोजायला तर विकतचं काही लागत नाही. सपाट बुडाचा, सरळ भिंतीचा डबा मोकळ्या जागी, झाडापासून दूर ठेवायचा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला सुमारे शंभर लिटर पाणी. २५ मिलिमीटर पडला, तर एकरात सुमारे एक लाख लिटर! गुणाकार इथे आपोआप पाठ होतो. अतिवृष्टीसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरचा निकष महसूल मंडळाच्या आकड्यावर लागतो. शाळेचा डबा पंचनाम्यात धरला जाणार नाही, हे खरं. पण आपल्या शिवारात किती पडला आणि मंडळात किती लागला, हे विचारणारी पिढी तरी तयार होईल.

हे नुसतं बोलणं नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली असं शिक्षण सुरू झालं. सहावी ते आठवीची पोरं चार-चारांच्या टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत. पुढे ते शेकडो शाळांत पसरलं. २००२ साली सरकारने ते बंद केलं, तरी खेड्यातल्या पोरांच्या हाती साधनं देता येतात, हे त्याने दाखवून दिलं. आपण तर त्याहून लहान वर्गात, त्याहून सोप्या साधनांनी सुरुवात करायची आहे.

आता कामाचं बोलू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत दिलं आहे. समितीने ठराव करावा की, वापरताना मोडलेल्या साहित्याबद्दल गुरुजींना दोष लागणार नाही. केंद्रप्रमुखांनी अशा वस्तूंचं निर्लेखन वेळच्या वेळी करून घ्यावं. सरपंच आणि ग्रामसेवकांनी फुटलेल्या भिंगाच्या जागी नवं घेण्याची सोय पाहावी. गावजेवणाच्या खर्चापुढे ती रक्कम काहीच नाही.

येत्या बैठकीत पालकांनी उठून एकच प्रश्न विचारावा : गुरुजी, कपाटाची किल्ली कुठे आहे?