आकाशांतून दिसणारी जलपर्णी

नदी एकाएकीं हिरवीगार दिसूं लागली म्हणजे ती आजारी पडली असें समजावें, हें पवना किंवा मुळा-मुठेच्या कांठीं राहणाऱ्यांस सांगावयास नको. दक्षिण अमेरिकेंतील ही जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहानें देशोदेशीं नेली गेली; पण पाहुणी म्हणून आलेली ही वनस्पति घरधनीण होऊन बसली. सांडपाण्यानें पोसलेल्या पाण्यांत दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होऊं शकतो. तिच्या दाट थराखालीं प्रकाश व प्राणवायु कमी पडून मासे गुदमरतात; डांसांचें मात्र फावतें.

तिचा नकाशा आज आकाशांतून काढतां येतो. जिवंत हिरवें पान आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण पुष्कळ परावर्तित करतें, तर पाणी ते बहुतेक शोषून घेतें. म्हणून तशा छायाचित्रांत पाणी काळें व वनस्पति उजळ उमटते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहमालेंतील पहिला उपग्रह २०१५ सालीं सोडला गेला. या मालेचीं चित्रें कोणासही विनामूल्य मिळतात. मात्र त्यांतील बारकांतला बारीक ठिपकाही १० मीटर लांबरुंद जागेचा असतो. त्याहून लहान पुंजका पाहावयाचा तर खालून उडणारा ड्रोनच हवा.

यावर कोणी म्हणेल, नदीभर पसरलेली वनस्पति पुलावरूनही दिसते. तिच्यासाठीं आकाशांत कशास जावें? हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. एप्रिलमध्यें घेतलेलें चित्र फार तर किती वनस्पति काढली व तिचे किती पैसे द्यावयाचे हें सांगेल. माझें म्हणणें असें कीं, चित्रें घ्यावयाचीं तीं पावसाळा सरतांच. पुरानें बरीचशी जलपर्णी वाहून गेलेली असते. बंधाऱ्यामागें, वळणांत, झाडाच्या मुळ्यांशीं अडकलेले पुंजके तेवढे उरतात. तेच पुढल्या उन्हाळ्याचें बियाणें. त्या वेळीं चार माणसें व एक होडी जें करतील, तें पुढें मोठाल्या यंत्रांसही कठीण जातें.

एकदां काढलेल्या नकाशावर विसंबूनही चालत नाहीं. आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवराच्या विनाम आखातांत १९९० च्या दशकांत या वनस्पतीनें होड्यांच्या वाटा अडविल्या. तिलाच खाणारे सोंडकिडे तेथें सोडले गेले आणि दशकाच्या अखेरीपासून ती पुष्कळ ओसरली. परंतु २००६ च्या अखेरीस अतिवृष्टीनें शेतांतील खतमाती आखातांत आली. डिसेंबर २००५ व डिसेंबर २००६ चीं उपग्रहचित्रें शेजारीं ठेवून पाहावींत: पहिल्यांत बहुतेक पाणीच, दुसऱ्यांत मोठमोठे हिरवे पट्टे! म्हणून चित्रें वरचेवर घ्यावींत, आणि सांडपाण्याचे नाले कोठें मिळतात तेंही त्याच नकाशावर दाखवावें. तें दाखविण्याची टाळाटाळ होते, हें दुर्दैव.

वरून पाहतां शेवाळ, पाणगवत व जलपर्णी यांची गल्लत होते. तेथें कांठावरच्या डोळ्यांची गरज लागते. नदीकांठच्या शाळांतील मुलांनीं पालकांसह ठराविक पुलांवरून पाहून, ठिकाण व तारीख लिहून टिपणें ठेविलीं, तर चित्रांतला हिरवा ठिपका नेमका कशाचा हें ठरवितां येईल. पाण्यांत मात्र कोणीही उतरूं नये. पानांच्या गालिच्याखालीं खोली कळत नाहीं.