ब्लूटूथचा राजा, ब्लूटूथची नायिका आणि विस्मृतीत गेलेला करार

१/
ब्लूटूथच्या इतिहासाचे दोन अवतार समाजमाध्यमांवर नित्यनेमाने फिरत असतात. एकात दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा असतो. त्याने विखुरलेला मुलूख एकत्र केला, म्हणून विखुरलेली उपकरणे जोडणाऱ्या तंत्राला त्याचे नाव मिळाले. दुसऱ्यात हॉलिवूडची एक रूपवती नटी असते आणि ब्लूटूथचा शोध तिनेच लावला असे ठामपणे सांगितले जाते. दोन्ही कथांत सत्याचा अंश आहे, पण दोन्ही मिळून खऱ्या इतिहासावर पडदा टाकतात. हेडफोन फोनला जोडला जातो तो एका रुक्ष करारामुळे आणि एका सरकारी सवलतीमुळे. या दोहोंना चेहरा नाही, म्हणून त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

२/
आधी राजाकडे पाहू. हाराल्ड गोर्मसन याने साधारण ९५८ ते ९८६ या काळात राज्य केले. युटलंडमधील येलिंग येथे त्याने आईवडिलांच्या स्मरणार्थ उभारलेला रूनलिपीतील शिलालेख आजही जागेवर आहे. आपण सारा डेन्मार्क व नॉर्वे जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केले, असा दावा त्याने त्यात कोरून घेतला. शिलालेख वाचायला शिकलेल्या कोणालाही येथे थबकावेसे वाटेल, कारण हे राजाने स्वतःबद्दल काढलेले उद्गार आहेत. नॉर्वेवरील त्याची सत्ता मर्यादित होती आणि अल्पकाळच टिकली. शेवटी त्याच्या पोटच्या मुलाने, स्वेनने, बंड करून त्याला पदच्युत केले. एकीचे प्रतीक म्हणून निवडलेल्या राजाचा शेवट घरच्याच फुटीने झाला, हे त्या गोड कथेत सहसा येत नाही.

३/
‘निळा दात’ या टोपणनावाचीही तीच गत. त्याचा सर्वांत जुना उपलब्ध उल्लेख रोस्किल्डे येथील बखरीत आढळतो आणि ती बखर साधारण ११४० ची, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहिलेली. शिवकालाचा अभ्यास करताना उत्तरकालीन बखरी किती जपून वापराव्या लागतात हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

४/
मग हे नाव तंत्राला चिकटले कसे? इंटेलचे अभियंते जिम कार्डाक आणि एरिक्सनचे स्वेन मॅटिसन यांच्या गप्पांत व्हायकिंगांचा इतिहास निघाला आणि १९९७ मध्ये कार्डाक यांनी ‘ब्लूटूथ’ हे नाव सुचवले, तेही तात्पुरते, कामापुरते. ‘रेडिओवायर’ आणि ‘पॅन’ ही गंभीर नावे रांगेत उभी होती. ‘पॅन’ हा शब्द आधीच सर्वत्र वापरात असल्याचे दिसून आले आणि ‘रेडिओवायर’ची व्यापारचिन्हाची तपासणी वेळेत पुरी झाली नाही. घोषणेची तारीख तोंडावर आली, तेव्हा कामचलाऊ नावच कायम झाले. हाराल्डच्या नावाची दोन आद्याक्षरे रूनलिपीत एकमेकांत गुंफून बोधचिन्ह तयार झाले. मात्र एकीकरणाच्या तत्त्वज्ञानामुळे हे नाव टिकले असे सांगणे म्हणजे निकाल लागल्यावर हेतू शोधण्यासारखे आहे.

५/
आता नायिका. १९१४ मध्ये व्हिएन्नात जन्मलेल्या हेडी लमार यांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्यासह मिळवलेले पेटंट ११ ऑगस्ट १९४२ चे आहे. प्रश्न होता रेडिओने दिशा दिल्या जाणाऱ्या पाणतीराचा. संदेश एकाच वारंवारतेवर पाठवला तर शत्रू त्याच वारंवारतेवर गोंगाट करून तो बुडवतो. म्हणून पाठवणारा आणि घेणारा यांनी एकाच ठरलेल्या क्रमाने सतत वारंवारता बदलत राहावे. तो क्रम स्वयंचलित पियानोत वापरतात तशा छिद्रांच्या कागदी गुंडाळीवर नोंदवावा आणि दोन्हीकडच्या गुंडाळ्या एका लयीत फिराव्यात. अनेक स्वयंचलित पियानो एकत्र वाजवण्याचा ध्यास अँथाइल यांनी आपल्या रचनेत आधीच घेतला होता. वारंवारतांची संख्याही पियानोच्या पट्ट्यांइतकी, ८८.

६/
कल्पना देखणी होती, पण नौदलाने ती त्या युद्धात वापरली नाही. शिवाय वारंवारता बदलत राहण्याची युक्ती सर्वस्वी नवीही नव्हती. विलेम ब्रूर्टजेस या डच संशोधकाला तशाच स्वरूपाचे अमेरिकन पेटंट १९३२ मध्ये मिळाले होते. लमार यांच्या वाट्याला आलेली उपेक्षा हा खरा अन्याय होता आणि त्याची भरपाई व्हायलाच हवी. ती भरपाई दुसऱ्या कोणाचे काम त्यांच्या नावावर चढवून होत नाही. उलट त्यांनी प्रत्यक्षात काय केले, हेच त्या गौरवाखाली झाकले जाते.

७/
ब्लूटूथही वारंवारता बदलते, सेकंदाला १,६०० वेळा. त्याचे मूळ रूप ७९ वाहिन्यांवर उड्या घेते. ८८ पियानोतून आले. ७९ कोठून आले?

८/
या आकड्याचे उत्तर सरकारी नियमांत सापडते. १९४७ मध्ये अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने रेडिओलहरींचे काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकाच्या यंत्रांसाठी राखले. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांतलाच. मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात चालते. संदेशवहनाच्या दृष्टीने ही जवळजवळ टाकाऊ जागा, कारण तेथे यंत्रांचा गोंगाट. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, अभियंता मायकेल मार्कस यांच्या पाठपुराव्यामुळे, असे काही पट्टे परवान्याविना संदेशवहनासाठी खुले केले. अट एवढीच की संदेश एका जागी ठाण मांडून बसता कामा नये, तो पट्टाभर पसरला पाहिजे. उड्या मारणाऱ्या यंत्रणांना या पट्ट्यात त्या काळी किमान ७५ वाहिन्या वापराव्या लागत. पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद; दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा सोडून एकेक मेगाहर्ट्झच्या वाहिन्या आखल्या की ७९ भरतात. फ्रान्स आणि स्पेनमध्ये उपलब्ध पट्टा अरुंद होता, म्हणून सुरुवातीच्या ब्लूटूथमध्ये त्या देशांसाठी २३ वाहिन्यांची वेगळी सोय करावी लागली. नटीच्या पेटंटाहून राजपत्रातल्या अटीने या तंत्राला अधिक आकार दिला, असे म्हणण्यास हा एक आकडा पुरेसा आहे.

९/
भारतात तर ही सवलत आणखी उशिरा आली आणि तिची पार्श्वभूमीही आठवण्याजोगी आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार बिनतारी उपकरण नुसते बाळगायलाही परवाना लागे. नुसता रेडिओ ऐकायचा तरी टपाल कार्यालयात शुल्क भरावे लागे. ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालली आणि त्या परवान्यांच्या पुस्तिका काही घरांच्या जुन्या ट्रंकांत अजूनही सापडतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे घरात आणि घराबाहेर परवान्याविना वापरण्याची मुभा जानेवारी २००५ च्या नियमांनी दिली. आज लोकलच्या डब्यात कानात इअरबड्स घालून उभ्या असलेल्या प्रत्येकाचे गाणे त्या मुभेवर चालते. पाठ्यपुस्तकात मात्र तिला एका ओळीचीही जागा नाही.

१०/
आता करार. १९८९ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एरिक्सनचे निल्स रिडबेक यांना हेडफोनची तार नकोशी झाली होती. ब्लूटूथचा उगमच मुळी हेडफोनमध्ये आहे. १९९४ पासून डच अभियंता याप हार्टसेन आणि त्यांच्यासोबत मॅटिसन यांनी या आखूड पल्ल्याच्या रेडिओचा आराखडा उभारला. एरिक्सनला तो स्वतःपुरता ठेवता आला असता. पण एकाच कंपनीच्या फोनशी बोलणारा हेडफोन किती जणांच्या उपयोगाचा? २० मे १९९८ रोजी एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एका गटाची घोषणा केली. त्यांतल्या दोन फोनच्या बाजारात एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी होत्या. गटाचे सभासद व्हा, मानकाप्रमाणे उपकरण करा, मानकासाठी आवश्यक असलेली पेटंटे स्वामित्वशुल्काविना वापरा. हा परोपकार नव्हता. बाजार वाढला तरच प्रत्येकाचा वाटा वाढणार होता आणि हे पाचही जणांना वेळेवर उमगले, एवढाच त्याचा अर्थ. इतिहासात असे उमगणे दुर्मीळ असते.

११/
परक्या कंपन्यांची उपकरणे एका खुल्या पट्ट्यात आली की त्यांनी एकमेकांना ओळखायचे कसे, हा प्रश्न उभा राहतो. तार होती तेव्हा हा प्रश्नच नव्हता. हेडफोनची पिन टेलिफोन एक्स्चेंजच्या फलकांवरील पिनेची वंशज आहे. जेथे ती खोचली तेथे जोडणी झाली, ओळखपाळख लागत नसे. हवेत मात्र एका खोलीत दहा फोन आणि वीस हेडफोन असू शकतात. पेअरिंग म्हणजे त्या गर्दीतली पहिली ओळख. दोन उपकरणे एक सामायिक गुपित ठरवतात, ते आपापल्यापाशी जपून ठेवतात आणि पुढच्या भेटीत त्याच आधाराने एकमेकांना ओळखतात. हेडफोन यादीत दिसतो पण जोडला जात नाही, तेव्हा बहुधा दोघांपैकी एकाने ते गुपित गमावलेले असते. म्हणूनच दोन्हीकडची जुनी नोंद पुसून नव्याने ओळख करून दिली की बिघाड मिटतो.

१२/
आरंभी हे गुपित केविलवाणे होते. हेडफोनला अंक टंकायला कळा नसत, म्हणून कारखान्यातच ‘००००’ ठरवून टाकलेले असे. ते जगजाहीर होते. २००७ च्या सुधारणेने पद्धत बदलली. उघड्यावर बोलूनही तिसऱ्याला न कळेल असे गुपित दोघांना कसे ठरवता येते, हे डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले होते. ब्रिटनच्या गुप्तचर संस्थेतील गणितज्ञांना हीच वाट त्याआधीच सापडली होती, पण ती १९९७ पर्यंत दडवलेली राहिली. त्या गणिताचे वंशज आता प्रत्येक पेअरिंगमध्ये काम करतात. फोन आणि संगणक जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा अंक दिसतात, ते मध्ये कोणी तिसरा नाही ना हे डोळ्यांनी ताडून पाहण्यासाठी. हेडफोनला पडदाच नसल्याने ही पायरी गाळली जाते. सोयीची किंमत आहे ती.

१३/
जुना हेतू उपकरणात किती चिवटपणे टिकतो याचा नमुना संगणकाशी जोडलेल्या हेडफोनमध्ये ऐकू येतो. गाणे छान वाजत असते. ऑनलाइन बैठक सुरू होते, मायक्रोफोन चालू होतो आणि आवाज एकाएकी जुन्या टेलिफोनसारखा चेपून जातो. उत्तम संगीत एकाच दिशेने नेणारी योजना २००३ च्या सुमारास, मागाहून, जोडली गेली. दुतर्फा बोलण्यासाठी आरंभापासून होती ती दूरध्वनीच्या मापाची, सेकंदाला ६४ हजार बिटांची वाट. मायक्रोफोन सुरू होताच संगणक संगीताची वाट सोडून बोलण्याच्या वाटेवर उतरतो. बोलण्याची वाट पुढे रुंदावली, तरी अनेक जोड्यांत अजून तो जुना आवाज ऐकू येतो. लुंडमधील अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर संगीताआधी फोनवर बोलणारा माणूस होता, हे असे कानाला कळते.

१४/
यावर एक आक्षेप रास्त आहे. राजा आणि नटी यांच्याशिवाय या विषयाकडे वळणार कोण? कथा दार उघडते हे खरे. पण दारातच थांबणाऱ्याला त्या करारात आज होत असलेला बदल दिसत नाही. २०१६ मध्ये ॲपलने नव्या आयफोनमधून तारेचे भोक काढले आणि सोबत एअरपॉड्स आणले. डबी उघडली की त्याच कंपनीचा फोन त्यांना आपणहून ओळखतो आणि त्याच खात्यावरचा संगणकही. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही आपापल्या झटपट पेअरिंगच्या वाटा काढल्या. सोय निर्विवाद आहे. परंतु सामायिक मानकाच्या डोक्यावर प्रत्येक जण आपला खासगी मजला चढवत आहे आणि वरच्या मजल्यावर शेजाऱ्याला प्रवेश नाही. १९९८ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांना दिलेला शब्द तळमजल्यावर शाबूत आहे. तो तसाच राहावा यासाठी, तो कधी आणि का दिला गेला हे निदान इतिहासप्रेमींना ठाऊक असले पाहिजे.

१५/
अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मानसूचीत हेडी लमार यांचे नाव २०१४ मध्ये आले आणि याप हार्टसेन यांचे त्याच्या पुढच्याच वर्षी. पहिले नाव सर्वांना पाठ आहे. आणि त्या पहिल्या एअरपॉड्सच्या डबीमागे एक लहानसे, सहज लक्षात न येणारे बटण होते. ते काही क्षण दाबून धरले की परक्या कंपनीच्या फोनच्या यादीतही त्यांचे नाव उमटत असे आणि पेअरिंग त्याच जुन्या, सर्वांच्या मालकीच्या वाटेने होई.