शाळेतलं अंडं आता गावाच्या खिशातून; पेठ-सुरगाण्याने काय करायचं?

शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळी, असं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलं. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने त्याचा निधी थांबवला. अंडं द्यायचं असेल तर शाळेने लोकसहभागातून द्यावं, असं सांगितलं.

निफाड-दिंडोरीच्या बागायती गावांत वर्गणी निघेलही. पण पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर? पाऊस सरला की तिथली बरीच माणसं द्राक्षबागांच्या कामाला बाहेर पडतात. पोरं आजी-आजोबांजवळ राहतात, त्यांचा भरवसा शाळेतल्या जेवणावरच.

पाचवीपर्यंतच्या मुलाला या जेवणातून १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम असतात, म्हणजे निम्मी. गरज जिथे जास्त, तिथेच वर्गणी कमी जमणार. निधी मागायचा तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून पालकांना तो जिल्हा परिषदेकडे पाठवता येतो.