बास आधी, बोल नंतर

मोबाइलच्या स्पीकरवर जमैकाचं रेगे संगीत ऐकून ‘सगळी गाणी सारखीच की हो’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांना नगरच्या सावेडीला घरी बोलावतो आणि मोठ्या बॉक्सवर गायक क्रॉनिक्सचा २०१७ चा ‘क्रोनॉलॉजी’ हा अल्बम लावतो. या संगीतात अर्धी चाल बास गिटारकडे असते आणि मोबाइलमधून नेमकी तीच गळते. गिटार दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टोचते. ‘वन ड्रॉप’ तालात ड्रमवाला पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर वजन टाकतो. समेची वाट पाहणारा आपला कान आधी अडखळतो, मग डोलायला लागतो.

सुरुवात बॉब मार्लेपासूनच करावी, हा जुन्या भक्तांचा हट्ट मला पटत नाही. गेल्या दशकात जमैकाच्या प्रोटोजे, जा-नाइन, कबाका पिरॅमिड या मंडळींनी मूळ रेगेला पुन्हा धार आणली. कबाकाच्या ‘द कॉलिंग’ या अल्बमला २०२३ मध्ये ग्रॅमीही मिळालं. आधी हे ऐका, मग मागे जा: बर्निंग स्पिअरचा ‘मार्कस गार्वी’, १९७५. त्यातली गुलामगिरीची आठवण नगरकरांना परकी वाटू नये. जातीची गुलामगिरी ‘बलुतं’मध्ये मांडणारे दया पवार आपल्याच अकोले तालुक्यातले, आणि पुस्तकही त्याच दशकातलं, १९७८ चं. आंबेडकरी जलशांवर वाढलेल्या घरांत तर मला काही समजावूनच सांगावं लागत नाही.

रेगे भारतातही रुजलं: दिल्लीच्या ‘रेगे राजाज’ या गटानं २०१६ मध्ये गोव्यात ‘गोवा सनस्प्लॅश’ महोत्सव सुरू केला. आपल्या मिरवणुकांतल्या डॉल्बीवाल्यांना तिथली साउंड सिस्टिम ऐकवायला हवी. बास कानठळ्या न बसवताही छातीत घुमवता येतो.