विश्लेषण : एका फोनवर चालणारे अ‍ॅप दुसऱ्यावर का अडते?

रेल्वेचे तिकीट, वीजबिल, बँकेचे व्यवहार आता फोनवरच होतात. मात्र, तेच अ‍ॅप एका फोनवर सुरळीत चालते आणि दुसऱ्यावर ऐन पैसे भरताना बंद पडते. अ‍ॅप आणि वेबपानांच्या चाचण्या वेगवेगळ्या साधनांनी होणे, हे त्यामागचे एक कारण. या चाचण्या एकत्र करता येतात का?

अडचण नेमकी कुठे?

अनेक अ‍ॅपमधील काही पडदे फोनच्या प्रणालीसाठी लिहिलेले असतात, तर काही चक्क वेबपाने असतात. तिकीट अ‍ॅपच्या पडद्यावर निवडले जाते. कार्डाचा ओटीपी मागणारे पान मात्र बहुधा बँकेचे वेबपान असते. अँड्रॉइडमध्ये अशी पाने ‘वेबव्ह्यू’ हा घटक दाखवतो. मार्च २०२१ मध्ये या घटकातील बिघाडामुळे जीमेलसह अनेक अ‍ॅप अचानक बंद पडू लागली. गूगलने वेबव्ह्यू आणि क्रोमची सुधारित आवृत्ती दिल्यावर ती पूर्ववत झाली. म्हणजे अ‍ॅप निर्दोष असले, तरी त्यातील वेबचा भाग ते पाडू शकतो.

साधने वेगळी का?

माणसाऐवजी ब्राउझरमध्ये बटणे दाबणारे, रकाने भरणारे ‘सिलेनियम’ २००४ मध्ये थॉटवर्क्स कंपनीत तयार झाले. ते वेबपुरते होते. फोनसाठी अ‍ॅपलचे ‘एक्ससीयूआयटेस्ट’ आणि गूगलचे ‘एस्प्रेसो’ आहे; पण पहिले अ‍ॅपलच्या उपकरणांपुरते, दुसरे अँड्रॉइडपुरते. त्यामुळे एकच चाचणी तीनदा लिहावी लागते आणि दोन साधनांच्या सांध्यावरचा दोष निसटतो.

एकत्रीकरण कसे होते?

२०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले ‘अ‍ॅपियम’ सिलेनियमच्याच ‘वेबड्रायव्हर’ आज्ञा फोनला देते. जून २०१८ मध्ये वेबड्रायव्हरला डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबचे मानक म्हणून मान्यता दिली. त्यामुळे तिकीट निवडणे, बँकेच्या पानावर ओटीपी भरणे आणि अ‍ॅपमध्ये परत येणे हा प्रवास एकाच चाचणीत तपासता येतो. इतके फोन विकत घेणे परवडत नसेल, तर ते दूरस्थ पद्धतीने भाड्याने मिळतात. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेली ब्राउझरस्टॅक ही कंपनी हीच सेवा देते.

मर्यादा कोणत्या?

१० फोन, ४ आवृत्त्या आणि ३ ब्राउझर धरले, तरी १२० जोड्या होतात. प्रत्येक बदलानंतर सगळ्या तपासणे महाग पडते. संगणकावरील आभासी फोन स्वस्त असतो. पण कमी मेमरी, तापलेला फोन, तुटणारे नेटवर्क त्यावर हुबेहूब उभे राहत नाही. शिवाय यंत्राला ‘बटण सापडले’ एवढेच कळते. अक्षरे मोठी केल्यावर मराठी शब्द अर्धा कापला गेला, तरी चाचणी उत्तीर्ण होऊ शकते.

फटका कोणाला?

कोणते फोन तपासायचे, हे कंपन्या बहुधा वापराच्या आकडेवारीवरून ठरवतात. ज्याच्या जुन्या फोनवर अ‍ॅप उघडतच नाही, तो त्या आकडेवारीत येतच नाही. खासगी अ‍ॅपबाबत अशा ग्राहकाला दुसरा पर्याय शोधता येतो. शिष्यवृत्ती किंवा पीकविम्याच्या सरकारी अर्जाला मात्र पर्याय नसतो. तेथे स्वस्त आणि जुने फोन चाचणीच्या यादीत आधी यायला हवेत.