वजनाचे देयक, फुकटचा उपदेश

घंटागाडी गाणे वाजवत येते, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला सांगते आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकाच पोटात घालून निघून जाते. नियम नवा नाही. केंद्राच्या २००० सालच्या नियमांतही वर्गीकरण होते. २०१६च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन प्रकार घरातच वेगळे करणे बंधनकारक केले. तरीही डबे एक होतात, आणि त्याचे ठरलेले निदान म्हणजे ‘लोकांची मानसिकता’. निदान सोयीचे आहे. त्यावर फलक लावले की भागते. पण ज्या घरावर हा ठपका ठेवायचा, त्याच घरात वर्तमानपत्रांचा गठ्ठा वेगळा असतो, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या असतात, बाटल्या आणि पत्र्याचे डबे भंगारवाल्याची वाट पाहत असतात. रद्दीत कोणी आंब्याच्या साली टाकल्याचे ऐकिवात नाही. त्यासाठी अभियान लागले नाही, तराजू घेऊन दारात येणारा माणूस लागला.

उरतो तो बिनभावाचा माल: वेफर्सची चकचकीत पाकिटे, थर्माकोल, सॅनिटरी नॅपकिन, भाजीची देठे. इथे भाव नसला तरी निदान कोणाचा तरी डोळा हवा. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते. घरटी शुल्क मिळते आणि सुक्यातले विकण्याजोगे विकून आलेला पैसाही वेचकाचाच. आमटीत भिजलेला पुठ्ठा हे वेचक बाईचे रोख नुकसान असते, त्यामुळे बोलणे दारातच होते. नॅपकिनच्या पुडीवर लाल ठिपका काढा, हा आग्रहही याच मंडळींचा. नाहीतर न बघता पुडी उघडण्याची वेळ त्यांच्यावरच येते. याउलट अनेक शहरांत गाडीच्या ठेकेदाराला पैसे मिळतात ते टनावर. ओला कचरा जड, भिजलेला सुका त्याहून फायद्याचा. वेगळे ठेवायचे तर फेऱ्या वाढतात आणि देयक तेवढेच राहते. त्याने सगळे एकत्र केले तर त्याला बेशिस्त कसे म्हणावे? तो बिचारा निविदेशी प्रामाणिक आहे.

‘पुढे एकत्रच होणार, मग आम्ही का वेगळे करावे?’ हा युक्तिवाद मात्र अर्धाच खरा. कागदाचा भाव पहिल्यांदा मरतो तो घरातल्या डब्यात, गाडीत नव्हे. आणि मिसळलेले शेवटी कोणाला तरी हातानेच निवडावे लागते. दुसरा आक्षेप असा की कर्तव्याला मोबदला कशाला? नागरिकाला तो देऊच नये. तो देण्याचा प्रयत्न कागदावर झालाही आहे. राज्याच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची योजना होती. जे नाणे दुकानदारही घेत नाही, त्याच्या आशेने पिशव्या परत येतील अशी अपेक्षा होती. बदलायचे आहे ते ठेकेदाराचे देयक: मिसळलेल्या टनाला कमी दर, वेगळ्या पोहोचलेल्या कचऱ्याला चढा. स्थायी समितीच्या एका बैठकीत होण्यासारखे हे काम आहे, फक्त त्या बैठकीत जनजागृतीच्या फलकांचा विषय आधी येतो आणि तो एकमताने मंजूर होतो.